मायनं बांधलेल्या गाठी

आम्ही निघालो त्या सकाळी बैल जुंपून झाले होते, बंडी वेशीत उभी होती, आणि माझी माय चाकापुढं मातीत बसली होती. मागं कापसानं भरलेल्या दहा-बारा बंड्या अडकल्या होत्या. सगळ्यांना अमरावतीचा बाजार गाठायचा होता. एक गाडीवान वैतागून म्हणाला, "बुढे, ऊठ न वं. भाव का तुयासाठी थांबून राहीन?" माय उठली नाही. तिनं कमरेची दोरी सोडून माझ्या हातात दिली. घरच्या सुताची, गाठी गाठीची. जोशीबुवाला विचारून मृगाला जितके दिवस होते तितक्या गाठी तिनं मारल्या होत्या.

"सद्या, रोज एक गाठ सोडजो. शेवटली सुटली का मिरग लागला समज. तिकडं तुले सांगाले कोनी नाही. मिरग नको चुकवू. मिरग चुकला का मानूस चुकला."

मग ती उठली आणि मागं न पाहता घरी गेली. मी मायला पाहिलं ते शेवटचं.

दादाच्या पोरांनो, तुम्ही विचारलंत की काका परत कावून नाही आले. चाळीस वर्षांनी कोणी विचारलं म्हणून लिहितो. मी शिकलेला नाही. अक्षरं इथंच शिकलो, साताऱ्याकडच्या एका माणसाकडून, तेही पन्नाशीनंतर. चुकलं तर समजून घ्या. माझ्यासोबत जहाजानं ह्या बेटावर जे आले त्यांच्यातलं कोणी हे वाचलं, तर त्यांना खरं काय ते माहीतच आहे.

कापसाचे दिवस होते ते. अमेरिकेत लढाई लागली होती आणि विलायतेला कापूस मिळेना, म्हणून आमचा कापूस सोन्यासारखा झाला होता. बैलांच्या शिंगांना लोक चांदीच्या शेंब्या घालत. आमच्याकडं कमी होतं असं नाही. पण दादा थोरला, वावर त्याच्या शब्दावर चालायचं, आणि मला माझ्या शब्दावर चालणारं वावर पाहिजे होतं. एवढंच कारण. बाजारात एक दलाल भेटला. म्हणाला, मोरस बेटावर एक साहेब उसाच्या जागी कापूस लावून पाहतोय, त्याला पऱ्हाटी ओळखणारा वऱ्हाडी माणूस पाहिजे. मोरस म्हणजे जिथून मोरस साखर येते ते. मायनं ती साखर जन्मात घरात येऊ दिली नव्हती, हाडं घालून साफ करतात म्हणून. "जे खात नाही त्याच्या देशात जाऊन राह्यला," म्हणाली. मी हसलो होतो.

माझी बायको बना, तीन वर्षांची येणू आणि मी. बनाला यायचं नव्हतं. दोन दिवस तिनं सामानाला हात लावला नाही आणि तिसऱ्या दिवशी सरकी निवडायला बसली. एक पोतं सरकी सोबत नेली आम्ही, घरच्या पऱ्हाटीची. अकोल्यापर्यंत बंडी, तिथून जिथं आगगाडी येऊन थांबली होती तिथपर्यंत पुन्हा बंडी, मग मुंबई, मग जहाज. जहाजात बना सगळा वेळ त्या पोत्यावर बसून राहिली. खारं पाणी लागलं तर सरकी मरते, म्हणून. मी रोज सकाळी एक गाठ सोडायचो.

उतरलो तेव्हा दोरीत नऊ गाठी उरल्या होत्या.

पहिले दोन दिवस बंदरावर डेपोत कोंडून ठेवलं. तिसऱ्या दिवशी साहेबाच्या ताब्लिसमांवर नेलं. इथं उसाच्या मळ्याला तसं म्हणतात. उसाच्या पाचटाची झोपडी मिळाली. ज्वारी नाही, तांदूळ. येणू दोन दिवस भात थुंकत राहिली, "भाकर दे न, माय" म्हणत. माती पाहिली, लाल आणि गोट्यांनी भरलेली. आपल्या काळ्या मातीत हात घातला तर हात काळा निघतो, ह्या मातीत सोलून निघाला. पण वावर होतं आणि मला विचारल्याशिवाय त्यात कोणी काही करणार नव्हतं. साहेबाचा मुकादम होता, त्याला सिरदार म्हणायचे. हिंदुस्थानी माणूस. त्यानं साहेबाचं म्हणणं सांगितलं, "रुई हुई तो दो साल में घर वापस, जहाज का किराया साहब का. नहीं हुई तो गन्ना काटो, और घर भूल जाओ."

मी म्हटलं, रुई कशी नाही होणार.

बना पाण्याला जायची तिथं कोकणातली एक म्हातारी भेटायची, बेटावर बरीच वर्षं काढलेली. दोरीत दोन गाठी होत्या तेव्हा बना घागर उतरवता उतरवता म्हणाली, "आवो, ते आजी म्हनते इथं सारं उलटं हाय. आता थंडी लागून राह्यली म्हने. गरमी अन् पानी दिवाळीच्या बादमंधी. जरा थांबून पाहा न."

"बायकांच्या पानवठ्यावरच्या गोष्टी ऐकून कोनी पेरनी करते का?"

"मंग मूठभर तरी मांगं ठेवा."

"अर्ध्या मनानं पेरलेलं उगवत नाही," मी म्हटलं.

सगळं तिथंच झालं. त्यानंतर जे झालं ते फक्त होत गेलं.

शेवटली गाठ सुटली त्या दिवशी आभाळ आलं होतं आणि बारीक झिमझिम होती. मला वाटलं, हा मायचाच निरोप. सिरदाराच्या बैलांचं शेण आणलं, माती कालवली, सरकी त्यात चोळली, दाणा दाणा सुटा केला. येणूही शेणात हात घालून बसली होती. हसत होती. झोपडीपुढं नारळ फोडला आणि सगळं पोतं त्या वावरात टोबून टाकलं. रात्री हात धुतले तरी शेणाचा वास जात नव्हता, आणि मी बनाला म्हटलं, घरचा वास आला पाहा.

उगवलं. उगवलं नसतं तर बरं झालं असतं. दोन बोटं वर आलं आणि थांबलं. झिमझिम गेली, वारा राहिला. पानं पिवळी पडली, मग काळी. मी रोज सकाळी वाकून पाहायचो. बना झोपडीच्या दारातून मला पाहायची. आपल्याकडं पऱ्हाटी कमरेला लागायच्या दिवसांत ते वावर उघडं पडलं.

साहेब घोड्यावर आला. खाली न उतरता चाबकाच्या टोकानं माती उकरून पाहिली. सिरदाराकरवी विचारलं, आणखी बी आहे का? गरमीत पुन्हा लावता येईल. मी रिकामे हात दाखवले. तेव्हा बनानं पदराची गाठ सोडली. मूठभर सरकी निघाली. मला न विचारता ठेवली होती. साहेबानं तिच्या हाताकडं पाहिलं, हसला, आणि घोडा वळवला. दुसऱ्या दिवशी त्या वावरात उसाच्या कांड्या आल्या आणि माझ्या हातात कोयता.

ती मूठ बनानं दिवाळीनंतर झोपडीमागं पेरली. सात झाडं आली. बोंडं फुटली. आपल्याकडं पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभात शिंपून मगच कापसाला हात लावतात. दही नव्हतं. तिनं नुसता भात शिंपला आणि सात झाडांचा कापूस वेचला. त्याच्या वाती केल्या. म्हणजे कापूस येत होता. त्या मातीत, त्या बेटावर, येत होता. पण सात झाडांनी कोणाचं जहाजाचं भाडं निघतं?

त्यानंतर दर वर्षी ती झोपडीमागं सरकी लावायची, आदल्या सालची राखलेली. पदर खोचून म्हणायची, "चला, आपला मिरग आला." हसून म्हणायची. चाळीस वर्षांत ह्याच्याहून जास्त टोमणा तिनं मला मारला नाही. मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

माय गेल्याचं मला चार वर्षांनी कळलं. येणूचं लग्न इथंच झालं. तिची लेकरं कापसाला कोतों म्हणतात. त्यांच्याशी मी वऱ्हाडीत बोललो की ती आईकडं पाहतात, आजा काय म्हणतो म्हणून.

गेल्या भादव्यात बना तापानं गेली. दिवाळी झाली, गरमी आली, पाणी आलं. तिची सरकी आढ्याला चिंधीत टांगलेली होती. येणू दोनदा येऊन म्हणाली, बाबा, मायची सरकी लावा न. मी लावली नाही. शेण आणलं, कालवलं, आणि बसून राहिलो. ते वाळून गेलं.

तुम्ही लिहिलंत, या, घर तुमचंच आहे. मी आता कोणत्या घरी येऊ? मायनं सांगितलं तो मृग मी चुकवला नाही, आणि त्यातच घर गेलं. झोपडीमागं सात झाडांची जागा होती, तेच घर होतं असं आता वाटतं. ते बनानं केलं होतं. ह्या साली तिथं गवत आहे.

मायची दोरी माझ्याकडं आहे. एकही गाठ नाही तिच्यात. आज माझ्या हिशेबानं तुमच्याकडं मृग लागला. तुम्ही वावरात असाल, हात शेणानं भरले असतील. इथं थंडी आहे. मी दारात बसून हे लिहिलं.