कंपनीचा गुडघा

आमच्या पिकअपनं आजवर जेवढी रताळी वाहिली, तेवढी एका जागी रचली असती तर बेळगुंदीला आणखी एक डोंगर मिळाला असता आणि वर एखादं देऊळही झालं असतं. पण ही गाडी अमावास्येला जागची हलत नाही. बैलाला अमावास्येला जुंपत नाहीत, मग डिझेल पिणाऱ्या बैलाला तरी का जुंपावं, असा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा कायदा. त्या दिवशी तिला धुवायची, एअर फिल्टर झाडायचा, ऑइलची कांडी ओढून बघायची, ग्रीस मारायचं. शेवटी आई पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवणार आणि मी गाडी हातभर पुढं घेऊन ते चिरडणार.

आप्पांचा दुसरा कायदा: पार्ट बसवायचा तो कंपनीचा. डुप्लिकेट फिल्टर ते नुसत्या वासावरून ओळखायचे. पिरनवाडीचा एक पार्टवाला तर आप्पा दिसले की शटर ओढून जेवायला जायचा, सकाळी नऊलासुद्धा. आणि कान असा, की बेळगुंदीत पायरीवर बसून, मी पिरनवाडीचा चढ कुठल्या गिअरवर चढलो ते सांगायचे. शिव्या घरी पोचल्यावर.

अशा माणसाचे गुडघे गेले. उजवा तर असा वाजायचा की गल्लीतली कुत्री उठून बघायची. आधी गाडीखाली शिरणं सुटलं, मग केबिनमध्ये चढणं. अमावास्येला पालथ्या क्रेटवर बसून ते नुसते गाडीकडं बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाकडं धरला. "अज्जा, आतली गादी झिजलीय. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलूया."

"नवा कंपनीचा असतोय?" आप्पांनी विचारलं.

"चांगल्या कंपनीचा असतो की."

"त्या न्हवं वो. मला ज्यानं बनवलं, त्या कंपनीचा."

बाई हसल्या, आप्पा हसले नाहीत. "चल रं," मला म्हणाले, "अस्सल काढून लोकल बसवायचं न्हाय." त्या दिवसापासून आईनं बोलणं टाकलं. चहासुद्धा ती असा आपटून ठेवायची की निम्मा बशीत यायचा.

त्याच महिन्यात गाडी पुढून कटकट वाजायला लागली. मिस्त्रीनं खाली शिरून सांगितलं, "पाट्याचा बुश गेलाय." गाडीचं ओझं पेलणाऱ्या पाट्यांत लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे रबराची उशी असते, ती पार चेमटली होती.

"कंपनीचा आण," आप्पा म्हणाले.

"कंपनीनं ह्या मॉडेलचा पार्ट बंद केलाय, आप्पा. निपाणीत लोकल मिळतोय."

आप्पांनी उजवा गुडघा हलवला. तो असा वाजला, की मिस्त्री गाडीच वाजली समजून परत खाली शिरला.

निपाणीहून मी बुश घेऊन आलो. आप्पांनी त्याचा वास घेतला, नख रुतवून बघितलं, कानाशी धरून टिचकी मारली. "एक अमावास्या बघू," म्हणाले.

परीक्षा बुशाची नव्हती, हे मला कळलं होतं. मग काय! पोटुशा लेकीला माहेरी नेतात तशी महिनाभर गाडी नेली. नंदगडच्या वाटेवरचे सगळे खड्डे मला तोंडओळखीचे. एकेकाला नमस्कार करून बाजूनं काढली. मागचा बैलगाडीवाला ओरडायचा, "अण्णा, सरक की रं बाजूला!"

अमावास्येला मिस्त्रीनं तपासलं. बुश जागच्या जागी, आवाज नाही. मी हळूच आप्पांकडं बघितलं.

"पिरनवाडीचा चढ महिनाभर दुसऱ्या गिअरवर का चढत हुतास?"

मी फडकं घेऊन पुसलेलं बॉनेट परत पुसायला लागलो.

"बुशासाठी व्हय?"

"व्हय."

ते गुडघ्यावर हात फिरवत बसले. या माणसाच्या आवाजानं नांगराचे बैल थांबत, तोच माणूस मला नीट ऐकू येईना इतक्या हळू बोलला, "मला बी तसंच न्हेशील न्हवं?"

"पहिल्या गिअरवर न्हेतो, आप्पा."

"मग सांग त्या बाईला. उजवा तेवढा. डावा राहू दे कंपनीचा."

आईनं त्या दिवशी चहा आपटला नाही.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या आप्पांनी काय मागावं? जुना पार्ट! पार्ट खरंच बदलला हे पटावं म्हणून आमच्याकडं मिस्त्री काढलेला पार्ट नव्याच्या खोक्यात घालून मालकाला देतो. "ते आम्हाला देता येत नाही, अज्जा," बाई म्हणाल्या. आप्पा माझ्या कानात पुटपुटले, "आपला मिस्त्री बरा."

घरी आणताना मी गाडी इतकी हळू चालवली, की एक मुंगी आमच्या पुढं गेली. पूर्ण वाट आप्पांचा हात माझ्या गिअरवरच्या हातावर होता.

दुसऱ्या अमावास्येला ते काठी टेकत अंगणात आले. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, मी ते चिरडलं. मग तिनं पदराखालून दुसरं काढलं आणि आप्पांच्या उजव्या पायापुढं ठेवलं.

"ह्ये काय गं?"

"गाडीला येक आन् तुमास्नी येक व्हय? दाबा."

आप्पांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक तिच्या. आणि दाबलं. रस उडाला तो थेट मिस्त्रीच्या डोळ्यात, आणि तो बिचारा दहा हात लांब उभा होता.

आप्पांनी मान तिरकी करून गुडघ्याला कान दिला.

"आवाज न्हाय," म्हणाले.