अर्धं मुर्दाबाद

अडुसष्ट साली जगभर उलथापालथ झाली आणि जबलपुरात आमच्या बाबांना कारखान्याच्या फाटकावर अडवून ठेवलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे. तो संबंध म्हणजे मी.

पॅरिसमध्ये पोरं रस्त्यावर उतरली होती, प्रागमध्ये रणगाडे शिरले होते, व्हिएतनाम जळत होतं आणि मी बी.ए.ला दुसऱ्यांदा नापास होऊन घरी होतो. (रिकामा वेळ असल्याशिवाय क्रांती होत नाही.) मी दाढी वाढवली. आई वरण वाढायला आली की तिला साम्राज्यवाद समजावून सांगू लागलो. मग जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातून लाल कापड आणून त्यावर पांढऱ्या रंगानं दोन शब्द रंगवले: साम्राज्यवाद मुर्दाबाद! मोर्चा रविवारी निघायचा होता. मोर्चात आम्ही तिघं होतो. तोवर फलक घडी घालून पलंगाखाली लपवला.

बाबा तोफांच्या कारखान्यात फिटर होते. दूधवाल्यानं पाणी घातलं तरी त्याला ‘भैया, जरा देख लेना’ म्हणणारा माणूस! त्यात त्या वर्षी कारखान्यात संपाची कुजबुज होती आणि साहेबलोक धास्तावलेले होते. शेजारच्या तिवारीजींना नुसत्या संशयावरून घरी बसवलं, आणि नोकरीबरोबर क्वार्टरही गेलं. त्यांच्या बायकोनं हातगाडीवर सामान चढवताना आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी मोठ्यानं शिंकतही नव्हतं. मी सोडून.

एका सकाळी बाबांसोबत काम करणारे वानखडेकाका घामाघूम होऊन सायकलवरून आले. फाटकावर झडतीत शिपायानं बाबांच्या डब्याची गाठ सोडली होती. फडकं टेबलावर पसरलं, तर त्यावर हातभर अक्षरांत ‘मुर्दाबाद’! आता बाबा सुरक्षा अधिकाऱ्यापुढे उभे होते.

“साहेब एकच विचारून राहिला,” काका म्हणाले, “किसका मुर्दाबाद? आणि तुझ्या बाबांना ते माहीतच नाही!”

मी आईकडे पाहिलं.

“नवंकोरं कापड पलंगाखाली पडून राहिलं होतं,” ती म्हणाली. “मला कुठं वाचता येते, वाटलं नक्षी आहे; मी त्याचे दोन तुकडे केले. काहून, तुझं होतं का?”

आमच्या घरी चिंधीसुद्धा वाया जात नसे, तर अख्खा फलक कसा जाईल? एका तुकड्यात, अक्षरं आतल्या बाजूला जाऊन, बाबांचा डबा गेला होता. दुसरा, म्हणजे ज्याच्यावर आता सगळा संसार टांगलेला होता तो, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला होता. मी तो सोडू लागलो तेव्हा आईच्या सगळं ध्यानात आलं. ती होती तिथेच जमिनीवर बसली.

“आपलं क्वार्टर जाईल का रे?”

साम्राज्यवादाबद्दलची सगळी उत्तरं माझ्यापाशी होती. प्रश्न क्वार्टरचा होता; मी तुकडा बरणीवरून ओढला आणि काकांच्या सायकलवर मागे बसलो.

फाटकावरच्या खोलीत पोचलो तर बाबा, वयानं आपल्याहून लहान असलेल्या साहेबापुढे, हात जोडून उभे होते. कानस घट्ट धरणारे ते हात असे जोडलेले मी कधी पाहिले नव्हते. मी माझा तुकडा टेबलावरच्या तुकड्याला जोडून ठेवला. खोलीभर मोहरीच्या तेलाचा वास सुटला.

साहेबानं सावकाश वाचलं. “साम्राज्यवाद. अच्छा. कौन सा साम्राज्यवाद?”

याच प्रश्नासाठी मी सहा महिने तयारी केली होती! तोंड उघडलं.

“जी,” मी म्हणालो, “ये दाग अचार का है.”

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हा बाबा हलक्या आवाजात बोलले, “साहब, दो बार फेल है. इससे सायकल का पंक्चर नहीं बनता. ये क्या करेगा?”

माझ्या बाजूनं बाबांनी केलेली ती एकमेव वकिली. चार्जमन म्हणून त्यांची बढती त्या वर्षी व्हायची होती, ती त्या फडक्यापायी कायमची राहिली आणि बाबा फिटर म्हणूनच निवृत्त झाले. मला ते त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी माझ्या वयाच्या पोरांना घाबरून कुठकुठल्या सरकारांनी रस्त्यावर फौजा उतरवल्या. आमच्या सरकारनं मात्र मला दाढीपासून चपलेपर्यंत एकदा नीट निरखलं, आणि त्याला इतकं निर्धास्त वाटलं की बाबांना त्याच पावली कामावर सोडलं!