भाऊंनी कधी विचारलं नाही

ये गं, इकडे जवळ बस. तीन महिन्यांनी आठवली होय मावशी? आणि त्या स्टुलावर पर्स ठेवू नकोस, ते भाऊंचं आहे.

भाऊ म्हणजे आमचे इकडे अमेरिकेतले, अल्फारेटाचे डबेवाले, मूळचे नागपूरचे. आयटीतल्या एकट्या मुलांना डबे पुरवायचे, मी त्यांच्या किचनमध्ये पोळ्या लाटायचे. ते जुळे टॉवर पडले ना, त्यानंतरची दोनतीन वर्षं. असा माणूस पाहिला नाही बघ, कुणाला काही विचारायचेच नाहीत. नोकरी गेलेला मुलगा डबा न्यायला आला, की मुकाट्याने दोन पोळ्या जास्त घालणार. "अहो, विचारा तरी," मी म्हणायचे. तर म्हणे, "दिसून राहिलं ना काकू, विचारायचं कायले?"

माझा डावा पाय पोलिओने बारीक. पण मी पातळ असं घोळदार नेसायचे की कुणाला पत्ता लागू नये. काम मागतानाही बोलले नाही. पहिल्याच आठवड्यात ओट्यापाशी एक स्टूल आलं, डाव्या बाजूला पाय टेकायला फळी ठोकलेलं. मला वाटलं, कुणाचं तरी जुनं असेल.

मग एक दिवस तेलावर घसरले आणि त्याच पायाचा खुबा मोडला. औषधपाणी भाऊंच्या विम्यातून झालं. पुढे विमा कंपनीची एक बाई फाइल घेऊन आली. "पाय आधीपासून अधू आहे, हे मालकाला माहीत होतं?" मला वाटलं, झालं! लंगडीला जाणूनबुजून राबवलं म्हणून धरणार भाऊंना. मी ठासून सांगितलं, "मुळीच नाही. मी कळूच दिलं नाही."

आणि झालं उलटंच. राज्याचा म्हणे एक फंड होता. अधू माणसाला ठाऊक असून कामावर ठेवलं आणि त्याला पुन्हा इजा झाली, तर खर्चातला मोठा वाटा विमा कंपनीला परत मिळायचा, मालकांनी अशांना काम द्यायला बिचकू नये म्हणून. पण ठाऊक असेल तरच! मला अजून हे नीट उलगडत नाही बघ. परतावा नाही मिळाला तर विम्याचा हप्ता चढणार, किचन बंद पडणार, हे माझ्या मुलाने समजावलं, तशी मी वॉकर घेऊन भाऊंकडे गेले. "तुम्हाला ठाऊक होतं?" भाऊंनी नुसतं ओट्यापाशच्या त्या स्टुलाकडे पाहिलं.

मी लगेच त्या बाईला फोन लावला, स्टुलाचं सांगितलं. ती म्हणाली, "कुठे लिहून ठेवलंय?" आता जे तोंडाने बोलायचं नाही, ते कागदावर कोण लिहितं गं? आणि माझा पहिला जबाब होताच. परतावा नाही मिळाला.

वर्षभरात किचन बंद झालं. भाऊ जर्सी सिटीला आपल्या भावाकडे राहायला निघाले, तेव्हा जाताना ते स्टूल घेऊन माझ्या घरी आले. मी रडायलाच लागले, तर हसून म्हणाले, "काकू, एकच खोटं बोलल्या तुम्ही माझ्यासाठी, तेही नकळत, अन् इतकं महाग!"

दर दिवाळीला फोन येतो. थंडीचं बोलतात, पोळ्यांचं बोलतात, पायाचं अजून विचारत नाहीत. तू तरी पुन्हा लवकर ये गं. आणि आल्या आल्या विचार, "मावशी, पाय कसा आहे?"