डॅशबोर्डखालचं सोनं

बाबा गेल्यापासून दारात नुसतीच उभी असलेली त्यांची जुनी गाडी दुरुस्तीला काढली. काल डॅशबोर्ड उतरवला. म्हणजे मिस्त्रींनी उतरवला. मी वाटीत स्क्रू सांभाळत होतो आणि त्यातलेही दोन हरवले. उन्हानं तडकलेलं वरचं पॅड त्यांनी उचललं, तर काचेजवळच्या फटीखाली आपट्याची वाळकी पानं साचलेली!

दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बाबा काचेपाशी सोनं ठेवायचे आणि चार दिवसांत ते नाहीसं व्हायचं. "खेळायला नेलंस ना रे, चोरा?" मी देवाशपथ नाही म्हणायचो. ते हसायचे, पण विश्वास काही ठेवायचे नाहीत.

"साहेब, झटकून टाकू?" मिस्त्रींनी ब्रश उचलला.

"अहो थांबा! पुरावा आहे तो माझा."

पन्नाशीत निर्दोष ठरलो, म्हणून ओंजळ भरून मिरवत घरात गेलो. बायको हळूच म्हणाली, "आता दाखवणार कुणाला?"

खरंच, कुणाला? बाबांनी आणखी एकदा तसंच दरडावून विचारलं असतं, तर मी लगेच कबूल केलं असतं की हो, मीच नेलं.