सोमवारचं सोनं, शुक्रवारचं सोनं

भिलाईच्या ठाण्यातली ती घटना काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. फसवणुकीचं साधं प्रकरण, वर्तमानपत्रात फार तर चार ओळींचं. पण नोकरीत मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती हीच केस.

सकाळची हजेरी आटोपून मी टेबलाशी बसलो होतो. बाहेरच्या बाकावर एक काका बराच वेळ बसलेले होते. ठाण्याच्या मुन्शीने, म्हणजे कारकुनाने, दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'काही नाही, सायबाले भेटायचं हाय' एवढंच उत्तर. चोरी झालेला माणूस ठाण्यात ओरडत येतो. लाजलेला माणूस आधी पाणी मागतो. काकांनी पाणी मागितलं.

पोलाद कारखान्याच्या, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून ते निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे. फंडाचा पैसा हातात आला तेव्हा म्हातारपणासाठी त्यातलं काही सोन्यात घालावं असं त्यांनी ठरवलं. प्रश्न होता ठेवायचं कुठे. कंपनीचं क्वार्टर सुटलेलं, जवळच्या कुरुदला भाड्याच्या दोन खोल्या, कडी ढिली. बँकेत लॉकर रिकामा नाही. तेव्हा बाजारातल्या एका सराफाने आपली तिजोरी देऊ केली. सगळ्यांचं एकत्र ठेवलं तर भाडं कमी. आपलं सोन्याचं बिस्कीट वेगळं, आपल्या नावाच्या थैलीत हवं तर भाडं जास्त. काकांनी वेगळं निवडलं. कोणीही तेच निवडेल.

सराफाने प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वार नेमून दिला होता. काकांचा महिन्यातला पहिला सोमवार. जायचं, थैलीतून काढलेलं बिस्कीट हातात घ्यायचं, डोळे भरून पाहायचं, परत यायचं. या महिन्यात त्या सोमवारी गोंदियाला लग्न होतं, म्हणून ते गुरुवारी गेले. सराफाने चहा पाजला, पेढा दिला, सोनं दाखवलं नाही. आज तुमचा वार नाही, म्हणाला.

"सोनं माहं अन् वार त्याचा," काका म्हणाले. "हे मले पटून नाही राहिलं, साहेब."

मी म्हटलं, रिपोर्ट लिहून द्या. तिथे गाडी अडली. बायको पहिल्यापासून म्हणत होती की पैसा बँकेतच राहू द्या, आणि काकांनी तिला बँकेतच आहे असं सांगितलं होतं. सोनं गेलं तर गेलं, पण तिला कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला. असल्या गप्प बसणाऱ्यांच्या जिवावरच ठगांची दुकानं चालतात.

पावती पाहिली. तिच्यावर फक्त वजन. बिस्किटावरचा नंबर कुठेच नाही. तेवढ्यात काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. नंबर तिच्यात होता. प्रत्येक रुळावर तो भट्टीच्या कोणत्या घाण्यातल्या पोलादाचा, हे सांगणारा हीट नंबर असतो. तो तपासण्यातच काकांची सगळी नोकरी सरलेली. नंबर टिपल्याशिवाय तुकडा पुढे जाऊ द्यायचा नाही ही सवय. पहिल्याच सोमवारी बिस्कीट हातात घेतलं आणि बाहेर येऊन नंबर लिहून ठेवला. सराफाला ही सवय ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

रिपोर्ट नसताना तिजोरी उघडता येत नाही. काकांची माहिती मी रोजनामच्यात घेतली आणि एका महिला शिपायाला साध्या वेशात दुकानासमोर बसवलं. वेगळ्या वारी येणारं दुसरं गिऱ्हाईक मला हवं होतं. शुक्रवारी एक बाई बाहेर पडल्या. शिपाई मागोमाग गेली आणि पत्ता घेऊन आली. मी तो दोनदा वाचला. पत्ता काकांचाच होता.

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलावून घेतलं. त्या बसतात न बसतात तोच, डायरीच्या जबाबासाठी आधीच बोलावलेले काका आत आले. समोर बायको. तिला सगळं कळलं आणि ती तक्रार घेऊन आली, असंच त्यांना वाटलं. मी तोंड उघडायच्या आत ते बोलून मोकळे झाले.

"माहं चुकलं. तुले सांगाले पायजे होतं. फंडाचं सोनं घेतलं मी."

काकू हळूच म्हणाल्या, "तुमी बी?"

भाड्याच्या खोलीत भरवसा नाही म्हणून त्यांनी आईच्या पाटल्या मोडून त्याच दुकानात बिस्कीट घेतलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं की पाटल्या बहिणीकडे ठेवल्या आहेत.

"तुमचा वार कोनता?"

"सोमवार."

"माहा शुक्रवार."

मला हसू आलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. काका उठायला लागले. जाऊ द्या साहेब, शोभा होईल, म्हणाले. काकूंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"कावून जाऊ द्याचं? लिवा, साहेब, माहं नाव. मी जाईन शुक्रवारी."

सराफाने पहिलाच शुक्रवार नेमला होता, म्हणून पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं लागलं. काकांच्या डायरीचं पान मी पंचांसमक्ष लिफाफ्यात सीलबंद केलं. त्या शुक्रवारी एक पंच काकूंचा भाऊ बनून आत गेला. थैली आली. काकूंनी बिस्कीट हातात घेतलं आणि नंबर मोठ्याने वाचला. मी आत शिरून लिफाफा उघडला. तोच नंबर.

सराफ पोचलेला गडी होता. चूक झाली असेल, थैल्या बदलल्या असतील, बाकी सगळं जागच्या जागी आहे, असं तो दुपारपर्यंत घोळवत राहिला. आवाज चढवून उपयोग नव्हता. मी एवढंच विचारलं, सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच दिवशी बोलावू का? मग त्याने किल्ली दिली. थैल्या अकरा, बिस्कीट एक. बाकी थैल्यांत फुगीर दिसाव्यात म्हणून लोखंडाचे तुकडे. माझ्यासोबत आत आलेल्या काकांनी एक तुकडा सवयीने उलटून पाहिला आणि ठेवून दिला.

दुकान जप्त झालं, त्यातून सगळ्यांना थोडंथोडं मिळालं, पुरतं कोणालाच नाही. सोनं कुठे ठेवावं, असं लोक मला आजही विचारतात. घरी ठेवा, लॉकरात ठेवा, पण तिथे कोणत्याही वारी न विचारता जाता आलं पाहिजे आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला ते माहीत पाहिजे. नवरा-बायको एकमेकांशी बोलले असते, तर दुसऱ्याच महिन्यात दोघांनी त्या सराफाला पकडलं असतं. पोलीस लागलेच नसते.

त्या शुक्रवारी घरी गेलो आणि माझ्या लॉकरची किल्ली बायकोसमोर ठेवली. निवृत्तीसाठी म्हणून त्यात मीही सोनं जमवत होतो, नऊ वर्षं, तिला न सांगता. तिने किल्लीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत हाय मले," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुमी कधी सांगता, तेच पाहून राहिली होती."