तुटण्यासाठी केलेली पिन

“साहेब, पिना लय भारी झाल्यात. नमुन्यापरास भारी,” लेथवरचे दत्तू मेस्त्री म्हणाले आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

“भारी म्हणजे?”

“पोलाद बदललं की. नमुन्याचं मऊ वाटलं मला. साखर कारखान्याच्या शाफ्टचं उरलं हुतं, त्यातनं काढल्या. देशाचं काम हाय. माझी दोन पोरं मिलिटरीत हायती, हलकं कशाला द्यायचं?”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीजवळच्या एका वर्कशॉपात मी इन्स्पेक्शन बघायचो. नेहमीचं काम साखर कारखान्यांचे सुटे भाग. त्या वर्षी एअर फोर्सची पिनांची छोटीशी ऑर्डर आली होती. विमानातून विमानावर मारायची जुनी क्षेपणास्त्रं त्यांना नव्या जेटवर लावून बघायची होती. क्षेपणास्त्र पंखाखालच्या रुळावर बसतं आणि एक पिन त्याला धरून ठेवते. पायलटने बटण दाबलं की रॉकेट पेटतं, त्या रेट्याने पिन तुटते आणि क्षेपणास्त्र सुटतं. नवं जेट फार जोरात वळतं. जुनी पिन वळणावरच तुटायची, म्हणून किंचित जाड हवी होती. वळणावर टिकली पाहिजे, पण रॉकेट पेटल्यावर तुटलीच पाहिजे.

नाही तुटली तर पेटलेलं रॉकेट पंखालाच लटकून राहणार. आत पायलट.

नमुन्याच्या पिना मी मशीनवर तोडून बघितल्या होत्या. बाकीच्यांना नुसतं गेज लावलं, माप बरोबर आलं आणि सही ठोकली. पिनांची पेटी त्याच सकाळी एअर फोर्सचे स्क्वाड्रन लीडर साहेब घेऊन गेले होते.

मी मालकांकडे, अण्णांकडे धावलो.

“जास्त मजबूत हाय म्हंजे चांगलंच की रं! तक्रार कोन करनार?”

“अण्णा, ही पिन मोडायलाच केलीय. नाही मोडली तर माणूस मरेल.”

अण्णांचा चेहरा उतरला. “फोन लाव.”

पुण्याच्या हवाई तळावर ट्रंक कॉल बुक केला. ऑपरेटर म्हणाली, आज लागेल असं सांगता येत नाही. साहेब साताऱ्यात बहिणीकडे जेवून तीनच्या एसटीने पुण्याला निघणार, एवढंच मला ठाऊक होतं. साडेअकरा वाजले होते. मी मोटरसायकल काढली. मेस्त्री न विचारता मागे बसले.

इस्लामपूरपर्यंत उसाच्या गाड्या रस्ता सोडेनात. कराड येईतो एक वाजून गेला. दर मैलाच्या दगडाला मी मनगट बघत होतो. उंब्रजला पेट्रोल भरताना मेस्त्री पहिल्यांदा बोलले.

“साहेब, ती मोडायची हाय ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई.”

खरं होतं. गुप्त काम म्हणून मी त्यांना माप दिलं, पोलाद दिलं, कारण दिलं नाही. मला माझीच लाज वाटली.

सातारा स्टँडवर पुण्याची गाडी भरत होती. साहेब खिडकीशी, पेटी मांडीवर. मी एका दमात सगळं सांगितलं.

“परवा टेस्ट आहे,” ते म्हणाले. “पायलट ठरला, विमान ठरलं. या पिना किती जोराला तुटतील?”

“माहीत नाही, सर.”

“माहीत नाही? खाली सही तुमची आहे ना?”

मेस्त्री पुढे झाले. “आवं साहेब, त्यांची न्हाई, चूक माझी हाय. काय शिक्षा करायची ती करा. पर ह्या पिना इमानाला लावू नगा.”

कंडक्टरने घंटी मारली. साहेबांनी दोघांकडे पाहिलं, पेटी घेऊन खाली उतरले आणि गाडी जाऊ दिली. “लेखी द्या,” एवढंच म्हणाले. मी बाकावर बसून लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी एक पिन मशीनवर चढवली. ठरलेला जोर कधीच मागे पडला. पिन वाकली, तुटली नाही.

टेस्ट लांबली. बोलणी खाल्ली. नव्या पिना केल्या, या वेळी प्रत्येक सळईतून काढलेल्या पिनांपैकी दोन तोडून बघून. महिन्याभराने टेस्ट झाल्याचं एअर फोर्सचं दोन ओळींचं पत्र आलं. मी ते लेथपाशी वाचून दाखवलं.

“समद्या मोडल्या?”

“सगळ्या.”

मेस्त्रींनी डोळ्याला टॉवेल लावला आणि लेथ सुरू केला.

तेव्हापासून काम देताना ते कशासाठी आहे, हे मी आधी सांगतो. नाही सांगितलं, तर चांगला कारागीर ते आपल्या मनाने आणखी चांगलं करून ठेवतो.