भोंगा वाजवणारे दादा

भोंगा दादांनीच वाजवला. विमानं येताना दिसली, म्हणून त्यांनी साखळी ओढून धरली. चाळीतल्या लोकांनी लांब शेतात पळावं म्हणून. लोक पळाले, पण गिरणीच्या दाराकडे. भोंगा झाला की कामावर जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दादांचा धाकटा भाऊ सदऱ्याची बटणं लावत सगळ्यांच्या पुढे होता. माणसं आत शिरली आणि बॉम्ब पडले.

ही एकाहत्तरच्या लढाईतली गोष्ट, पूर्व बंगालातली. इंग्रजांच्या काळातली सूतगिरणी, दादा तिथे बॉयलरवर. विमानं कुणाची होती ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मला ते भेटले अमेरिकेत, अर्विंगला, न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्याच्या पुढच्या वर्षी. मुलं-सुना कामावर गेल्या की अपार्टमेंटात आम्ही म्हातारी माणसंच उरायचो. तुम्हीही पाहिली असतील अशी, रिकाम्या पार्किंगला फेऱ्या मारणारी. मी चौथी शिकलेली, सोलापूरच्या गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेली. त्यांचं हिंदी मोडकं, माझं त्याहून. पण गिरणीच्या माणसाला हातवारे पुरतात. यंत्रांपुढे ओरडून दोघांचेही आवाज मोठे झालेले. सून घरी असली की तिला वाटायचं भांडण चाललंय.

"आई, हळू बोला ना. कुणीतरी कंप्लेंट करेल."

"करू दे," मी म्हणायची. "त्या निमित्तानं तरी कुणी दारात येईल."

तिथे महिन्यातून एकदा भरदुपारी वादळाच्या भोंग्याची टेस्ट करतात. तो सुरू झाला की दादा आमच्या दारात उभे. बेल वाजवायचे नाहीत.

"दिदी, टेस्ट है ना?"

"टेस्टच आहे. बसा."

बसायचे. दोन्ही मुठी एकीवर एक, घट्ट. शाळेला सुट्टी असली की नातू टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा, "इट्स जस्ट अ टेस्ट, आजोबा." भोंगा थांबला तरी मुठी लवकर सुटत नसत. मी चहा पुढे ठेवला की सुटत, कप धरायला हात लागतात म्हणून.

एकदा सून रजेवर घरी होती, तेव्हा त्यांनी विचारलं, "दिदी, तुम होती तो किधर भागती?"

मी म्हटलं, "गिरणीकडेच. उशीर झाला की दार बंद व्हायचं."

"और मैं भोंगा नहीं बजाता तो?"

"तर घरात होते ते वाचले असते."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई, असं काय बोलता? काका, तुमची काही चूक नव्हती हो."

दादांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "हां." चहा संपवून गेले. मला वाटलं, आता हे यायचे नाहीत. पुढच्या महिन्यात आले. त्यांचा मुलगा, सून, डॉक्टर, सगळे त्यांना तुमची चूक नव्हती म्हणून सांगायचे, आणि ते तिथून उठून जायचे. माझ्याकडे बसायचे.

मग त्यांच्या मुलाला दूर वाळवंटातल्या चँडलरला नोकरी लागली. निघताना दादा गाडीच्या दाराशी थांबले.

"बेटा बोलता है, उधर भोंगा नहीं है."

"बरं झालं," मी म्हटलं.

ते गाडीत बसले. मुलाने पट्टा लावून दिला.

पुढच्या टेस्टला मी दार उघडं ठेवून बसले. चहा एकच केला होता.

त्या गिरणीचं बॉयलरघर तेवढं जाड भिंतींचं होतं, भोंग्याची साखळी तिथेच. ते तसंच उभं राहिलं. गिरणीच्या आत होते त्यांतले दादा एकटे वाचले.